हाताचा अंगठा, पायाचा अंगठा

मराठीत ‘अंगठा’ हा शब्द एकच आहे आणि तो शरीरात दोन ठिकाणी राहतो. हाताला अंगठा असतो, तसा पायालाही असतो. इंग्रजीत तसे नाही. तिथे हाताच्या अंगठ्याला स्वतंत्र नाव आहे आणि पायाच्या अंगठ्याला ‘पायाचे मोठे बोट’ एवढेच म्हणून भागवले जाते. संस्कृतातला ‘अंगुष्ठ’ मात्र हातापायांत भेद करीत नाही, आणि त्याच्या पोटी आलेले मराठी ‘अंगठा’, हिंदी ‘अंगूठा’, गुजराती ‘अंगूठो’ हे शब्दही तो करीत नाहीत. पायाचा अंगठा काढून हाताला लावण्याची किमया शल्यचिकित्सेला विसाव्या शतकात साधली. आपल्या भाषांनी तिची सोय फार आधी करून ठेवली होती, असे गमतीने म्हणता येईल. प्रस्तुत लेख या किमयेविषयी आहे, आणि ती सामान्य माणसाला समजावून सांगताना आपण कोणते शब्द वापरतो याविषयीही.

साहित्याच्या अध्यापकाने शस्त्रक्रियेवर का लिहावे, हा प्रश्न रास्त आहे. सिल्वासात राहणाऱ्याला मात्र तो फारसा पडणार नाही. आमली, मसाट, पिपरिया, रखोली, नरोली, खडोली या गावांची नावे आता शेतीपेक्षा कारखान्यांमुळे अधिक ओळखली जातात. सूत, प्लास्टिक, तारा, डबे, यंत्रांचे सुटे भाग असे कितीतरी येथे तयार होते. कारखान्याला येथे कोणी कारखाना म्हणत नाही, ‘कंपनी’ म्हणतात. वारली, कोकणा, धोडिया घरांतली पहिली शिकलेली पिढी कंपनीत जाते. जव्हार-तलासरीकडून माणसे येतात, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातूनही येतात. प्रेस, रोलर, कटर आणि साचा यांच्याशी ज्यांचा हात रोज खेळतो, त्यांच्यापैकी कोणाचा ना कोणाचा तो एक दिवस सापडतो. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींच्या घरी ‘हात गेला’ हा वाक्प्रचार वाक्प्रचार म्हणून वापरला जात नाही.

गेलेला बहुधा संपूर्ण हात नसतो. एखादे बोट असते, कधी दोन असतात, आणि कधी अंगठा. या तिन्हींत किती अंतर आहे ते आधी पाहू.

अंगठ्याचे सामर्थ्य कळण्यासाठी शरीरशास्त्राच्या पुस्तकाआधी मराठी शब्दकोश उघडावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. चिमूट, चुटकी, टिचकी, घास, मूठ, वीत हे सगळे शब्द हाताच्या विशिष्ट आकाराचे आहेत, आणि यांतला एकही आकार अंगठ्यावाचून नीट होत नाही. वीत म्हणजे ताणलेल्या अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर; अंगठा गेला की हे मापच नाहीसे होते. चिमटीत अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला. मुठीत बोटे वस्तूला वेढतात आणि अंगठा वरून कुलूप लावतो. उलट ‘चार बोटे’ हे माप अंगठ्याशिवाय चालते. बादलीची कडी धरून उचलणे हेही चालते, कारण तिथे बोटांची फक्त आकडी होते. हस्तशल्यविशारद पकडीचे जे प्रकार सांगतात (टोकाची चिमूट, किल्ली फिरवण्याची पकड, बळाची मूठ, आकडी) ते जवळजवळ सगळे आपल्या बोलीत नांदत आहेत. फक्त त्यांना कोणी शास्त्र म्हटले नाही.

या सामर्थ्याचे मूळ अंगठ्याच्या बुडाशी आहे. मनगटाजवळच्या एका छोट्या हाडावर अंगठ्याचे तळहातातले हाड बसते. दोन्हींचे पृष्ठभाग खोगिरासारखे, एकमेकांत आडवे बसलेले असतात. घोडेस्वार खोगिरावर पुढेमागे झुकतो आणि डावीउजवीकडेही कलतो, तसा अंगठा या सांध्यावर झुकतो, कलतो आणि थोडा स्वतःभोवती वळतो. त्यामुळे तो इतर चार बोटांच्या समोर येऊन उभा राहू शकतो. या ‘समोर येण्या’वर सगळे अवलंबून आहे. बाकीच्या बोटांना तीन पेरे आहेत, अंगठ्याला दोनच. पण समोर येण्याची मुभा एकट्या त्याला आहे. हाताच्या एकूण कामापैकी सुमारे चाळीस टक्के वाटा अंगठ्याचा असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

एकलव्याची गोष्ट येथे आठवणे अपरिहार्य आहे. ती नेहमी निष्ठेची किंवा अन्यायाची कथा म्हणून सांगितली जाते. आदिपर्वातला तिचा शेवट मात्र वैद्यकीय नोंदीसारखा अचूक आहे. अंगठा दिल्यानंतर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, एवढेच तिथे म्हटले आहे. हात निकामी झाला असे महाभारत म्हणत नाही. काम होते, वेग आणि नेम जातो. अंगठा गमावलेला कोणताही कामगार हेच सांगेल.

कायद्यानेही हे मोजून ठेवले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची क्षमता किती टक्के गेली असे धरायचे, याची ती यादी होती. कविता शिकवणाऱ्या माणसालाही ती वाचताना थांबावे लागते. संपूर्ण हात गेला तर ६० टक्के. अंगठा गेला तर ३० टक्के. तळहातातल्या हाडासकट गेला तर ४०. अंगठ्याचे नुसते टोकाचे पेर गेले तरी २०. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अंगठा हा अर्धा हात आहे, दोन तर्जनींहून तो भारी आहे आणि एका हाताची तीन बोटे एकत्र गेली तरच त्याची बरोबरी होते, कारण तिथेही आकडा ३० आहे.

येथे भाषेचा एक बारीक काटा आहे. मराठीत हाताला पाच बोटे असतात, आणि अंगठा त्यांतलेच एक. आपण सहज म्हणतो, ‘त्याचं एक बोट तुटलं.’ इंग्रजी व्यवहारात मात्र बोटे बहुधा चार आणि अंगठा वेगळा. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यासाठी आले होते. मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक समीक्षेसाठी येत नाहीत, अर्ज लिहून घ्यायला येतात, आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. त्यांच्या हातातल्या पहिल्या कागदावर, अपघाताच्या दिवशी कोणीतरी त्यांचे बोलणे ऐकून इंग्रजीत उतरवले होते: उजव्या हाताचे एक बोट. समोरच्या हाताला अंगठा नव्हता. ते खोटे बोलले नव्हते, लिहिणाऱ्यानेही शब्दाला शब्द दिला होता. एका भाषेतून दुसरीत जाताना अंगठ्याचे बोट झाले, आणि वर दिलेल्या यादीत त्या दोन शब्दांमध्ये निम्म्याहून अधिक टक्क्यांचे अंतर आहे. पुढच्या वैद्यकीय प्रमाणपत्राने ते दुरुस्त झाले. मात्र मधले महिने पहिल्या कागदाचे स्पष्टीकरण देण्यात गेले. तेव्हापासून वर्गात अनुवाद शिकवताना मी हे उदाहरण देतो, आणि विद्यार्थ्यांना सांगतो की घरात असा प्रसंग आला तर पहिल्या कागदावर ‘अंगठा’ हाच शब्द लिहून घ्या. हात कोणता, पेर कितवे, तेही लिहून घ्या.

आता तुटलेल्या अंगठ्याकडे येऊ. अंगठा तुटून वेगळा झाला असेल, तर तो परत बसवता येतो का? पुष्कळदा येतो, आणि अंगठ्याच्या बाबतीत शल्यविशारद हा प्रयत्न सहसा सोडत नाहीत. एखादी करंगळी परत बसवून ताठ राहण्यापेक्षा नसलेली बरी, असा निर्णय होऊ शकतो. अंगठा थोडा ताठ, थोडा आखूड झाला तरी उपयोगी पडतो. बाकीची बोटे त्याच्याकडे येतात. अर्थात जखम कशी झाली यावर बरेच ठरते. धारदार पात्याने कापलेला अंगठा परत बसण्याची शक्यता चांगली. रोलरमध्ये चिरडलेला किंवा पट्ट्यात अडकून मुळापासून उपटलेला असेल, तर रक्तवाहिन्या आतपर्यंत फाटलेल्या असतात आणि शक्यता कमी होते.

दुसरी गोष्ट वेळेची. बोटांत स्नायू नसतात, त्यामुळे तुटलेला हात किंवा पाय जितका लवकर मरतो तितके बोट मरत नाही. साध्या हवेत सुमारे बारा तास आणि नीट थंड ठेवले तर सुमारे चोवीस तास, अशी ढोबळ मर्यादा सांगितली जाते. सिल्वासातून सुरत किंवा मुंबई गाठायची तर ही मर्यादा पुरेशी आहे, पण ‘नीट थंड ठेवणे’ या तीन शब्दांत सगळी मेख आहे.

‘तुटलेलं बोट बर्फात ठेवा’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यातला ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय अंगठ्याचा जीव घेतो. बर्फाला थेट लागलेली कातडी आणि रक्तवाहिन्या गोठून मरतात. मग जोडायला काही उरत नाही. नुसत्या पाण्यात बुडवले तर पेशी फुगतात. योग्य रीत अशी: तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर पिळलेल्या फडक्यात किंवा गॉजमध्ये गुंडाळायचा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधायचे. आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या डब्यात ठेवायची. म्हणजे थंडावा पोचतो, बर्फ पोचत नाही. हळद, माती, औषध काही लावायचे नाही. हाताच्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरायचा. दोरीने आवळून बांधायचा नाही. अंगठा कातडीच्या एखाद्या धाग्यावर लोंबत असेल तर तो धागा तोडायचा नाही, कारण त्याच धाग्यातून एखादी शीर रक्त परत नेत असू शकते. कंपन्यांच्या भिंतींवर सुरक्षिततेची घोषवाक्ये पुष्कळ असतात, यमकेही चांगली जुळवलेली असतात. त्यांच्या शेजारी ही पाच-सहा साधी वाक्ये वारली, कोकणा, मराठी, गुजराती आणि हिंदीत लागली तर अधिक उपयोग होईल असे माझे मत आहे. आपल्या लेखकांनी हात घालावा असे हे काम आहे.

परत बसवण्याची शस्त्रक्रिया अनेक तास चालते. आधी हाड थोडे आखूड करून तारांनी जोडतात, म्हणजे वरच्या नसांवर ताण येत नाही. मग हालचालीचे कंडरे, मग रोहिणी, मज्जातंतू, नीला आणि शेवटी कातडी. क्रम थोडा मागेपुढे होतो. रोहिणीचा व्यास साधारण एक मिलिमीटर. ती सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने शिवतात. पुढचे काही दिवस परिचारिका दर तासाला अंगठ्याचा रंग बघते. पांढरा पडला तर रक्त आत येत नाही, जांभळा झाला तर बाहेर जात नाही. जांभळ्या अंगठ्यावर आजही कधी कधी जळवा लावतात. सुश्रुताने वर्णिलेली जळू सूक्ष्मशल्यकर्माच्या अतिदक्षता कक्षात अजून नोकरीवर आहे, कारण तिच्या लाळेतला घटक रक्त गोठू देत नाही आणि साचलेले रक्त वाहत राहते. या दिवसांत विडी, तंबाखू, मशेरी पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि शिवलेला अंगठा मरू शकतो. भेटीला येणाऱ्याने खिशातून पुडी काढून दिली तर ती माया घातक ठरते.

या विद्येचा इतिहास सांगताना पुण्याचे नाव घ्यावे लागते. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक वृत्तान्त छापला गेला. इंग्रजी सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्यात वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा साचा नाकावर बसवून, तो कपाळावर ठेवून कातडीची आखणी केली होती. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. हा वृत्तान्त वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली, आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात हे प्रकरण येते.

त्या इतिहासांत एक तपशील बहुधा ओझरता येतो. टिपूच्या कैदेत कावसजीचे नाकच नव्हे, एक हातही तोडला गेला होता. नाक परत आले, हात आला नाही. पुण्याच्या त्या अनाम कारागिराचे कसब थोडे नव्हते. पण नाकाला हवी होती कातडी, आणि कपाळाची कातडी देठाला जोडलेली ठेवूनच वळवता आली, म्हणून ती जगली. हाताला हाड हवे, कंडरा हवा, रक्त हवे, संवेदना हवी. हे सगळे एकत्र हलवायचे तर देठ पुरत नाही.

तरीही देठाच्याच वाटेने पहिला प्रयत्न झाला. ऑस्ट्रियाच्या कार्ल निकोलादोनी यांनी १८९८ च्या सुमारास पायाचे बोट हाताला लावले. त्यासाठी रुग्णाचा हात त्याच्याच पायाला बांधून ठेवला. पायाचे बोट पायाला जोडलेलेच ठेवून हाताला शिवले, हाताकडून रक्त मिळू लागेपर्यंत वाट पाहिली, आणि मग पायाकडची बाजू कापली. कपाळाची कातडी नाकावर वळवण्याचेच हे तत्त्व. फक्त माणूस कित्येक दिवस घडी घातल्यासारखा वाकून पडलेला. पुढे सूक्ष्मदर्शक आला आणि देठाची गरज संपली. जपानमधल्या नारा येथे कोमात्सु आणि तामाई यांनी १९६५ मध्ये पूर्ण तुटलेला अंगठा परत बसवला. शांघायमध्ये १९६६ साली पायाचे दुसरे बोट हाताला लावले गेले. हॅरी बंकी यांनी अमेरिकेत माकडांवर केलेल्या प्रयोगांनंतर इंग्लंडच्या जॉन कॉबेट यांनी १९६८ मध्ये माणसाच्या पायाचा अंगठा हाताला लावून दाखवला. तीन-चार वर्षांत तीन खंडांत ही गोष्ट घडली. काळ पिकला की अशी फळे एकदम गळतात.

अंगठा परत बसवण्यासारखा राहिलाच नसेल तर नवा करावा लागतो. इथे एकच उत्तर नाही. अंगठा कुठवर गेला आहे त्यावर सगळे ठरते. फक्त टोक गेले असेल तर बहुधा काहीच करत नाहीत, किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी खोल करतात, म्हणजे उरलेला अंगठा लांब झाल्यासारखा वापरता येतो. थोडे अधिक गेले असेल तर उरलेले हाड कापून त्यावर एक चौकट बसवतात आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने ओढत नेतात. मधल्या फटीत नवे हाड भरत जाते. बल्गेरियाच्या मातेव यांनी १९७० च्या सुमारास ही रीत आणली. बुडाचा खोगीर-सांधाच गेला असेल, किंवा मूल जन्मतःच अंगठ्याविना असेल, तर तर्जनी तिच्या नसा-रक्तवाहिन्यांसकट आखूड करून, फिरवून अंगठ्याच्या जागी आणतात. तर्जनीला अंगठ्याची बढती मिळते आणि हाताला तीन बोटे नि एक अंगठा उरतो. जर्मनीच्या बुक-ग्रामको यांनी मुलांसाठी ही शस्त्रक्रिया फार विकसित केली.

आणि मग पायाचा अंगठा, किंवा त्याच्या शेजारचे बोट. पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्याहून रुंद असतो, म्हणून तो थोडा तासून घेण्याच्या रीती पुढे निघाल्या. ऑस्ट्रेलियातले मॉरिसन आणि तैवानमधले वेई यांची नावे त्यांत महत्त्वाची. एक पथक पायावर आणि दुसरे हातावर एकाच वेळी काम करते. पायातले मज्जातंतू हाताच्या मज्जातंतूंना जोडले जातात, आणि ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढत जातात. म्हणून संवेदना यायला महिने लागतात. जोडलेला तंतू मेंदूकडे हाताच्याच वाटेने जात असल्यामुळे नव्या अंगठ्याला लागलेले अंगठ्यालाच लागल्यासारखे वाटते. ठसा मात्र पायाचा! पायाच्या बोटांनाही रेषा असतात, आणि त्या कातडीबरोबर येतात. ‘निशाणी डावा अंगठा’ ज्या समाजात शतकभर सही म्हणून चालली, आणि आता रेशनच्या यंत्रापासून कंपनीच्या हजेरीपर्यंत सगळीकडे साक्षरांनाही अंगठा लावावा लागतो, तिथे ही लहान गोष्ट नाही. आधार केंद्रावर जाऊन ठसे पुन्हा नोंदवणे हाही उपचाराचाच भाग समजावा.

पायाचा अंगठा द्यायचा की शेजारचे बोट, हा निर्णय पुस्तकात हाताच्या बाजूने लिहिलेला असतो: अंगठ्याने चिमूट बळकट होते, दिसायलाही बरे. पायाच्या बाजूने बहुतेक रुग्ण पुढे नीट चालतात असे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. पण पाऊल पुढे रेटताना शेवटचा जोर पायाच्या अंगठ्याचा असतो. पावसाळ्यात चिखलाच्या बांधावरून अनवाणी चालणारा, लावणीच्या दिवसांत कंपनीतून रजा काढून गावी जाणारा माणूस आपल्या पायाच्या अंगठ्याची किंमत बुटातल्या पायाच्या माणसापेक्षा वेगळी करील, आणि ते त्याला विचारले गेले पाहिजे. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जोडवी पायाच्या दुसऱ्या बोटात घालतात, अंगठ्यात अनवट. कोणते बोट द्यायचे हे ठरवताना सासर-माहेरच्या बायका जोडव्याचा विषय काढतील. त्याला अडाणीपणा म्हणून हसणारा शल्यविशारद रुग्ण गमावील.

पायाला हातच लावू द्यायचा नसेल तर जुनी वाट आहे. कमरेचे हाड, जांघेची कातडी आणि वर संवेदनेसाठी अनामिकेच्या कडेचा एक तुकडा. हात तीन आठवडे जांघेला शिवलेला राहतो. या वाटेने केलेल्या अंगठ्याची एक विलक्षण खोड आहे: नव्या अंगठ्याला काटा टोचला तर दुखते अनामिका. तुकडा अनामिकेचा, त्याचा मज्जातंतूही अनामिकेचाच, आणि मेंदूला बदलीचा हुकूम पोचलेला नाही. काही जणांना कालांतराने अंगठा जाणवू लागतो, काहींना आयुष्यभर अनामिकाच.

या अनामिकेविषयी थोडे विषयांतर करतो. तिचे नावच ‘नाव नसलेली’. हस्तशल्यचिकित्सेत मात्र सर्वांत मोठी दाती तीच. कुष्ठरोगात मज्जातंतू मेल्यावर अंगठा जागेवर असूनही समोर येऊ शकत नाही, तळहाताच्या कडेला पडून राहतो. तेव्हा अनामिका वाकवणाऱ्या दोन कंडरांपैकी एक सोडवून, तळहातातून वळवून अंगठ्याला बांधतात, आणि अंगठा पुन्हा समोर येतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कुष्ठरुग्णांच्या हातांवर हे काम सुरू केले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी ते महाराष्ट्रात रुजवले. भारतात अंगठ्याची शस्त्रक्रिया यंत्राच्या जखमेइतकीच, किंबहुना तिच्याही आधी, कुष्ठरुग्णांच्या हातांवर शिकली गेली, हे आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही.

आता परिभाषेचा प्रश्न. ‘पुनर्रोपण’ आणि ‘पुनर्रचना’ असे दोन शब्द आपल्याकडे वापरले जातात: तुटलेला अंगठा परत बसवणे हे पहिले, नवा अंगठा करणे हे दुसरे. शब्द चुकीचे नाहीत. परीक्षेत लिहायला उत्तम. पण भीतीने थरथरणाऱ्या माणसासमोर संमतीपत्र ठेवले जाते तेव्हा त्याला ‘पुनर्’च्या पुढचा फरक ऐकू येत नाही. ‘परत बसवणे’ आणि ‘नवा करणे’ हे क्रियापद असलेले शब्द त्याला कळतात. यांत ‘रोपण’ तर मुळात आपलाच शब्द आहे, रोपाचा. भातलावणी करणाऱ्याला सांगावे की उपटलेले रोप मूळ सुकायच्या आत लावावे लागते, काही रोपे धरतात, काही मरतात. वेळ, मूळ आणि धोका ही शस्त्रक्रियेची तिन्ही अंगे त्याला एका वाक्यात कळतील. संमतीपत्रात मी तरी असे लिहीन: ‘तुमचा तुटलेला अंगठा परत बसवायचा प्रयत्न करणार आहोत. तो धरेलच असे नाही. धरला तरी आखूड आणि थोडा ताठ राहील. न धरल्यास काढावा लागेल, आणि पुढे नवा अंगठा करता येईल का ते पाहू.’ यात एकही पारिभाषिक शब्द नाही आणि एकही वैद्यकीय गोष्ट सुटलेली नाही.

शस्त्रक्रिया संपली म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे व्यायामतज्ज्ञाच्या टेबलावर महिनोन्‌महिने चालते. हात किती कामाचा झाला हे मोजण्याच्या चाचण्या आहेत. १९६९ च्या जेबसन यांच्या प्रसिद्ध चाचणीत चमच्याने घास उचलण्याची नक्कल करावी लागते. आमच्याकडच्या रुग्णाला चमचा हा प्रश्नच नसतो. भाताचा घास बोटांवर गोळा होतो आणि अंगठा त्याला तोंडात ढकलतो; चारचौघांत पंगतीला बसता येते की नाही ही त्याची खरी चाचणी. बायकांसाठी मिठाची चिमूट, साडीची निरी. पुरुषांसाठी शर्टाचे बटण. तंबाखू मळणे हा अंगठ्याचा उत्तम व्यायाम आहे, पण तो सुचवण्याची सोय नाही.

एक चाचणी मात्र जणू येथल्याच माणसाने काढल्यासारखी आहे. फ्रेंच शल्यविशारद कापांजी यांनी १९८६ मध्ये अंगठा किती समोर येतो ते मोजण्यासाठी दहा गुणांची पट्टी दिली. अंगठ्याच्या टोकाने आधी तर्जनीच्या पेरांची कड, मग तर्जनीचे टोक, मधल्या बोटाचे, अनामिकेचे, करंगळीचे टोक, तिथून करंगळीच्या पेरांवरून खाली उतरत तिच्या बुडाशी आणि शेवटी तळहाताच्या रेषेवर. जिथपर्यंत पोचाल तेवढे गुण. उपकरण काही लागत नाही. आमच्या आज्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून जप मोजत, दूधवाल्याचा हिशेब ठेवत, एका हाताला बारा पेरे. अंगठ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला गुणांची पट्टी समजावत बसण्यापेक्षा, रोज सकाळी पेरांवर बारापर्यंत मोजा आणि आज कुठे अडकलात ते उद्या सांगा, असे सांगितले तर तो न चुकता मोजतो.